ब्राउझरांची शपथ

ज्या दिवशी बुवांचा गळा उघडायचा, नेमकं त्याच दिवशी बुवांचं दार लागलं. घराचं दार नव्हे. ते सताड उघडं होतं आणि शेजारची मांजर त्यातून दोनदा येऊन दूध हुंगून गेली होती. लागलं ते इंटरनेटवरचं दार.

बुवा म्हणजे टिकलीचे काका. उभं आयुष्य कीर्तनाला उभे राहिलेले. आधी सभागृहांतून, मग प्रवास झेपेना तसे घरातूनच. मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगलेल्या, मधोमध मायक्रोफोन, आणि ऐकणारे जगभर आपापल्या फोनला कान लावून. मग गळ्यात गाठ आली. निघाली साधीच, पण काढताना आवाज घेऊन गेली. कित्येक महिने बुवा पाटीवर लिहून बोलत. काकू म्हणायच्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होतंय. असू दे थोडे दिवस."

आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती. अर्धा तास, त्याच्यावर एक मिनिट नाही. संध्याकाळी सहाला बुवा उभे राहणार होते. सकाळी चहाच्या कपात बघत ते म्हणाले, "आवाज पहिल्यासारखा नाही राहिला. चाळणीतून आल्यासारखा येतो. आज उभा राहून बघतो. माणसं आली तर पुढे चालू. नाही आली तर टाळ ठेवून देतो, समजलं त्याला काय सांगायचंय ते."

'त्याला' म्हणजे देवाला. बुवा देवाबद्दल नेहमी असं बोलत, जसं काही तो वरच्या मजल्यावर राहणारा घरमालक आहे आणि मधूनमधून जिन्यातून निरोप पाठवतो.

काकूंनी बुवांच्या कपात आणखी चहा ओतला, जो बुवांनी मागितला नव्हता.

आणि शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेल्या टिकलीने मनातल्या मनात कंबर कसली.

टिकली हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मली तेव्हा टिकलीएवढी होती म्हणून बुवांनीच ठेवलेलं, आणि ती चांगली उंचपुरी झाली तरी चिकटून राहिलं. टिकल्यांना सवयच असते चिकटून राहायची. तिचं काम सर्व्हर उभे करायचं. कुणाची दुकानाची वेबसाइट, कुणाची शाळेची. ती नीट चालावी, कुणी तिच्यात घुसू नये, याचा सगळा बंदोबस्त टिकली बघे. शिवाय तिचं स्वतःचं एक पान होतं, तिथे ती तयार कोडचे तुकडे ठेवी. कुणीही यावं, उचलावं, आपल्या सर्व्हरला लावावं. कल्पना बुवांचीच. चांगल्या कीर्तनकाराच्या झोळीत ठेवणीतल्या ओळी असतात. कुठलंही आख्यान लागलं तरी हात घातला की निघते एक. टिकलीच्या झोळीत तसे हे तुकडे. प्रत्येकाच्या डोक्यावर तिने आपलं एक निरूपण लिहून ठेवलेलं. उघड्या वाटेने आलेल्याला झाकल्या वाटेवर नेणाऱ्या तुकड्यावर लिहिलं होतं: 'चुकून आला तरी आला ना. रागावू नये. हात धरून आत घ्यावे.'

"हे सर्व्हर वाचतो का?" तिचा नवरा विचारी. घरात त्याला सगळे जावईबुवा म्हणत. तोही याच धंद्यातला. पानं दिसायची कशी, रंग कुठला, बटण कुठे, हे त्याचं खातं.

"वाचत नाही. पण त्याला बरं वाटतं," टिकली म्हणे.

तर गेल्या आठवड्यात टिकलीने बुवांच्या वेबसाइटला कुलूप घातलं. कारणही तसंच होतं. बुवांचं पान उघड्या वाटेने चाले आणि वाटेत कोण कोण बसलेलं असतं याचा भरवसा नाही. एका काकांनी चहाच्या दुकानातल्या फुकट वायफायवर पान उघडलं, तर बुवांच्या फोटोखाली पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. ते काका बुवांना फोन करून म्हणाले, "वैराग्यावर बोलता बोलता हे काय सुरू केलंत?" बुवांनी पाटीवर काय लिहिलं ते काकूंनी लगेच पुसून टाकलं.

म्हणून कुलूप, म्हणजे मधल्या कुणाला काही घुसडता येणार नाही अशी झाकली वाट. टिकलीने, पान खरंच बुवांचंच आहे अशी ब्राउझरला ग्वाही देणारं प्रमाणपत्र आणलं, जुन्या कमकुवत पद्धती बंद केल्या, आणि शेवटी आपल्या झोळीतला सगळ्यात लाडका तुकडा लावला. तो ती 'शपथ' म्हणे. त्यात सर्व्हर ब्राउझरला सांगतो: यापुढे वर्षभर माझ्याकडे कुलपाच्या वाटेनेच ये, दुसऱ्या वाटेने कुणी कितीही गोड बोलून बोलावलं तरी जाऊ नको. ब्राउझर भाबडा. मान डोलावतो आणि पक्कं लक्षात ठेवतो. या ओळीला एक ऐच्छिक शेपूट आहे. ते जोडलं तर शपथ मुख्य पत्त्यापुरती न राहता त्याच्या सगळ्या पोटपत्त्यांनाही, म्हणजे त्याच नावाखालच्या वेगवेगळ्या पत्त्यांनाही, लागू होते. कुणीही शहाणा माणूस ते जोडण्याआधी प्रत्येक पोटपत्त्याला कुलूप आहे ना ते बघतो. पण टिकली बुवांच्या मांडीवर वाढलेली. लहानपणापासून ऐकत आलेली की सवलती ठेवून घेतलेली शपथ ही शपथ नव्हे, तो सौदा. तिने शेपूट जोडलं. जोडताना तिला भरूनसुद्धा आलं. सुरक्षेची तपासणी करणाऱ्या एका साइटने पहिल्या प्रतीचा शेरा दिला, आणि जावईबुवांनी तिला कडेवर उचलायचा प्रयत्न केला. तो प्रयत्नच राहिला.

मग दोघांनी त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की बुवा पुन्हा उभे राहणार आहेत. झालं. बुवांची सगळी माणसं आठवडाभर ते पान उघडून उघडून बघत राहिली, आणि बघता बघता त्यांच्या एकूण एक ब्राउझरनी शपथ घेतली.

दुपारी पेटीवाल्यांचा फोन आला. ते बुवांच्या साथीला पेटी वाजवत. निघायच्या आधी घरूनच एकदा थेट प्रक्षेपणाचं पान उघडून बघावं म्हणून बसले होते.

"टिकले, तुझ्या काकांनी मला वाळीत टाकलंय का?"

"का हो?"

"आत घेत नाहीयेत. पडद्यावर लाल त्रिकोण आलाय. म्हणतो, इथे चोर तुमचं काहीतरी पळवतील. माझं काय पळवणार, पेटीचा भाता?"

"खाली बघा. 'तरीही पुढे जा' असं बारीक अक्षरांत असेल."

"नाहीये. तेच तर म्हणतोय. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं."

टिकलीचा हात थांबला. ते बटण नसतं ते एकाच वेळी. शपथ असते तेव्हा.

थेट प्रक्षेपण ज्या पोटपत्त्यावर होतं, तिथे बसला होता म्हातारा. म्हातारा म्हणजे मागच्या खोलीतल्या फळीखालचा एक जुना कॉम्प्युटर. मायक्रोफोनची तार त्याच्यात जाई आणि बुवांचा आवाज त्याच्यातून जगात. त्याचा पंखा खोकल्यासारखा वाजे. काम चोख, पण नवी कुलपं त्याच्या बापजन्मी लागणार नव्हती. त्याला एकच वाट माहीत होती, उघडी. आणि जगभरच्या ब्राउझरनी शपथ वाहिली होती की त्या वाटेने जाणार नाही.

"अहो," टिकली जावईबुवांना म्हणाली, "मी सगळ्यांना बुवांपासून तोडलंय."

जावईबुवा मागच्या खोलीबाहेरच्या बोळात स्टुलावर उभे राहून भिंतीवरची एक सुटलेली रजई टांगत होते. तसेच उभे राहिले. "म्हणजे किती जणांना?"

"सगळ्यांना. आपल्याला धरून."

"मग काढ ना ती ओळ."

"काढून काय होतंय? शपथ मी नाही घेतली, त्यांनी घेतलीय. आता एकेकाला गाठून सोडवावं लागेल. आणि सोडवून कुठे नेऊ, परत त्या जुगारवाल्याच्या शेजारी?"

"म्हाताऱ्याला कुलूप?"

"त्याला काय काय चढवायचं ते चढवलं तर खोकतच जाईल बिचारा."

जावईबुवा खाली उतरले. "बुवांना सांगायचं?"

दोघांनी एकदम मागच्या खोलीकडे बघितलं. आतून बुवा गळा साफ करत असल्याचा आवाज येत होता. एक सूर लावत, थांबत, पुन्हा लावत. एखादा माणूस खूप दिवसांनी आपल्याच घराची कडी हळूच वाजवून बघतो ना, तसं. टिकली म्हणाली, "नाही सांगायचं." आणि बोटं मोडून कामाला बसली.

पहिला डाव: पोटपत्त्यालाही स्वतःचं प्रमाणपत्र आणायचं. ते मिळतं फुकट, पण देणारी संस्था आधी खात्री करते. ती त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावते आणि ठरलेली खूण मागते. टिकलीने तो पत्ता म्हाताऱ्याकडून काढून, बुवांचं मुख्य पान जिथे होतं त्या आपल्या भाड्याच्या सर्व्हरकडे वळवला आणि अर्ज केला. संस्था गेली जुन्याच पत्त्यावर. पत्ता बदलल्याची बातमी जगात पसरायला वेळ लागतो, आणि जग काही टिकलीच्या घाईत नव्हतं. संस्थेने म्हाताऱ्याचं दार ठोठावलं. म्हातारा खोकला. अर्ज फेटाळला.

टिकलीने पुन्हा केला. पुन्हा फेटाळला. तिसऱ्यांदा जावईबुवांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. नंतर काकूंनीही दाबलं; त्या सहज चहा द्यायला आल्या होत्या आणि त्यांचा हात लागला की गोष्टी सुरू होतात असा घरात लौकिक होता. शेवटी संस्थेने अतिशय सभ्य भाषेत कळवलं की तुम्ही फार वेळा चुकलात, आता जरा दम घ्या आणि नंतर या.

"दम घ्या म्हणे," टिकली म्हणाली. तिला हसू यायला लागलं. ते थांबेचना. जावईबुवाही हसायला लागले. काकू दोघांकडे बघून म्हणाल्या, "काय झालंय ते सांगणार आहात, की मी पण नुसतीच हसू?"

टिकलीने सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, कळलं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तो माणूस आज समोर कुणी दिसलं नाही ना, तर परत उभा राहायचा नाही. मी चाळीसेक वर्षं ओळखते. रुसणार नाही, चिडणार नाही. टाळ पुसून कपाटात ठेवेल आणि मला भाजी निवडायला मदत करायला लागेल. मला ती मदत नकोय."

त्या गेल्या. टिकली सर्व्हरच्या मांडणीची फाइल डोळ्यांसमोर धरून बसली. मुख्य पत्ता, त्याचं प्रमाणपत्र, त्याची शपथ. सगळं खणखणीत. खाली पोटपत्ता, रडका. ती वर बघे, खाली बघे. मग तिच्या मनात आलं, की मी या पोटपत्त्याला का धरून बसले आहे? मुख्य दाराचं कुलूप चालू आहे, किल्ली सगळ्यांच्या खिशात आहे. बुवांना मुख्य दारातच आणून उभं केलं तर?

तिने झोळीत हात घातला. दारवान नावाचा तुकडा. सर्व्हर पुढे उभा राहतो, येणाऱ्याला कुलपाच्या वाटेने आत घेतो, आणि मागच्या बाजूने त्याचं मागणं म्हाताऱ्याच्या कानात सांगतो. म्हातारा देतो ते आणून पाहुण्याच्या हाती ठेवतो. पाहुण्याला म्हातारा दिसत नाही, म्हाताऱ्याला पाहुणा दिसत नाही. मुख्य पत्ता, पुढे तिरकी रेघ, पुढे 'कीर्तन'. बस्स.

चिकटवलं. तपासणीची आज्ञा दिली. सर्व्हर म्हणाला, एका ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही. दिला. पुन्हा विचारलं. सगळं ठीक. तिने सर्व्हरला नवी फाइल वाचायला लावली आणि आपल्या फोनवर नवा पत्ता उघडला.

खोकला ऐकू आला. म्हाताऱ्याचा. फोनमधून. त्याच्या मागे बुवांचा षड्ज.

टिकली आणि जावईबुवा बोळात फेर धरून नाचले. मांजर तिसऱ्यांदा आली होती, ती न हुंगताच परत गेली.

पण काम अर्धंच झालं होतं. मुख्य पानावरचं बटण जावईबुवांनी क्षणात नव्या पत्त्याकडे वळवलं. मात्र बुवांची निम्मी माणसं वयस्कर, आणि त्यांच्या मुलानातवंडांनी फोनच्या पडद्यावर, बोट ठेवलं की जुना पत्ता थेट उघडेल असं चित्र ठेवून दिलेलं. ती मंडळी त्याच चित्रावर बोट ठेवणार आणि लाल त्रिकोणासमोर हात जोडून बसणार. म्हणून घरातले सगळे फोन बाहेर आले. पेटीवाले पोचले, त्यांच्या हातातली पेटी काढून फोन दिला.

"मावशी, तिरकी रेघ. उजवीकडे झुकलेली," जावईबुवा सांगत होते. "नाही, तुम्ही नका झुकू. रेघ झुकलेली."

"अहो, जुनं चित्र दाबायचंच नाही," पेटीवाले ओरडत होते. ते फोनवर नेहमी अंतराच्या हिशेबाने आवाज लावत. "त्या चित्राने शपथ घेतलीय. कसली म्हणजे? चांगलीच शपथ आहे, पण आपल्याला नडलीय."

"लिहून घ्या," काकू म्हणत होत्या. "पेन नाही? मग लिपस्टिकने लिहा. आरशावर. मी नाही सांगणार तुमच्या सुनेला."

सहा वाजायला आले तेव्हा बुवा खांद्यावर उपरणं टाकून बोळात आले. सगळे एकदम आपापले फोन पाठीमागे लपवून उभे राहिले.

"काय चाललंय?"

"काही नाही," चौघे एका सुरात म्हणाले. कीर्तनात इतका चांगला कोरस त्यांनी कधी धरला नव्हता.

बुवा आत गेले. मागोमाग पेटीवाले आणि काकू. दार लागलं, तांबडा दिवा पेटला. आता आत जायचं नाही, आवाज करायचा नाही. टिकली आणि जावईबुवा दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. काकू आत कोपऱ्यात बसल्या होत्या, टाळ धरायला.

बुवांच्या समोर भिंतीवर एक छोटा पडदा होता. त्यावर म्हातारा श्रोत्यांचा आकडा दाखवी. किती जण आले, किती उठून गेले. बुवांनी नमन करायच्या आधी तिकडे पाहिलं.

पडद्यावर होतं: १.

टिकलीला लगेच कळलं. म्हातारा माणसं मोजायचा ती येणाऱ्यांच्या फोनच्या पत्त्यांवरून. एक पत्ता, एक माणूस. आणि आता त्याच्या दाराशी येत होता एकटा दारवान. शंभर पाहुण्यांची मागणी आणली तरी तोच, हजारांची आणली तरी तोच. खऱ्या पाहुण्याचा पत्ता पुढे सांगणारी एक ओळ असते. ती तिच्या झोळीत होती. घाईत लावायची राहिली. आणि आता लावावी तर म्हाताऱ्यालाही ती शिकवून पुन्हा सुरू करावं लागणार, म्हणजे चालू कीर्तन तुटणार.

तिच्या हातातल्या फोनवर भाड्याच्या सर्व्हरची नोंद भराभरा वर सरकत होती. माणसं येत होती. थव्याने येत होती. आणि काचेपलीकडे बुवा त्या एकच्या आकड्याकडे बघत उभे होते.

पेटीवाल्यांची बोटं पट्ट्यांवर थिजली. काकूंनी पडदा पाहिला, मग बुवांना पाहिलं, मग टाळ मांडीवर ठेवून दिले.

बुवांनी उपरण्याने कपाळ टिपलं आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ गेले.

"आलास?" ते म्हणाले.

आवाज खरखरीत होता. खाली उतरलेला. पण आत कुठेतरी ऊब धरून असलेला, पेटलेल्या चुलीच्या बाजूला ठेवलेल्या भांड्यासारखा.

"एकटाच आलास. बरं केलंस. मोठ्या सभेत मला कधी कुणाशी धड बोलताच आलं नाही बघ. सगळ्यांशी बोलायच्या नादात एकेकाशी बोलायचं राहिलं. आज तू आणि मी. तो ऐकतोय, पण त्याला सवय आहे. बस. पाणीबिणी प्यायचं असेल तर पी, मी थांबतो."

आणि खरंच थांबले. मग पेटीवाल्यांना खूण केली. ठरलेलं आख्यान त्यांनी सोडलंच. जागच्या जागी जुळवलेली ओळ लावली:

'दार एकाचे उघडे, पुरे झाले रे विठ्ठला,
 एका कानी सांगताना सारा जन्म कानी आला.'

वरचा सूर लागेना, तिथे ते हसून खाली उतरत आणि म्हणत, "तिथे तू गा, माझा जिना मोडलाय." मध्येच विचारत, "झोप लागते का रे तुला अलीकडे? नाही लागत ना?" आणि उत्तर मिळाल्यासारखे पुढे बोलत. बोळात जावईबुवा रजईच्या टोकाला डोळे पुसत होते आणि त्याच वेळी खुसखुसत होते. टिकलीच्या हातातला फोन सारखा थरथरत होता. तिने निरोप उघडले. 'बुवांना कसं कळलं मी एकटी आहे?' 'झोपेचं त्यांना कुणी सांगितलं? तुम्ही?' 'मी पाणी प्यायलो, त्यांना सांगा.' एका रात्रपाळीच्या नर्सने नुसतंच लिहिलं होतं: 'हो, बसलेय.'

अर्धा तास संपला. तांबडा दिवा विझला. बुवा बाहेर आले, घामाने चिंब, डोळे चमकणारे.

"तो कोण होता ते कळेल का ग?" त्यांनी टिकलीला विचारलं. "शेवटपर्यंत हलला नाही पठ्ठ्या."

टिकलीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात घरचा फोन वाजला. बुवांनीच उचलला. पलीकडच्याचं ऐकत राहिले, म्हणाले, "असं? तू होतास होय. बरं बरं." ठेवला. पुन्हा वाजला. "तू होतीस?" भुवया वर गेल्या. तिसऱ्याला त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि रिसीव्हर छातीशी धरून टिकलीकडे वळले.

मग टिकलीने सगळं सांगितलं. शपथ, शेपूट, म्हातारा, दारवान, राहिलेली ओळ. सांगताना ती इतकी हसत आणि रडत होती की जावईबुवांना मधली वाक्यं पुरवावी लागली. "काका, खरा आकडा माझ्याकडे आहे. सांगू?"

बुवांनी विचार केला. "नको. पण ती ओळ लाव. यंत्राने आपल्यामुळे खोटं बोलू नये. फक्त तो पडदा माझ्या समोरून काढ आणि तुमच्या खोलीत लाव. मला एकाचंच बरं जमतंय."

फोन पुन्हा वाजला. बुवांनी कानाला लावला. "हो, हो," ते म्हणाले, "तुझ्याशीच बोलत होतो."

"सगळ्यांना तेच सांगताय," काकू म्हणाल्या.

"मग त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलाय, तो केव्हाच संपला." काकूंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. "नमस्कार. बुवा आता बोलणार नाहीत. उद्या सहाला. हो, त्याच पत्त्यावर, तिरकी रेघ लक्षात ठेवा. नाही हो, एकट्यानेच यायचं असं काही नाही."